सूर्यकिरणची नऊ विमानं इतक्या जवळून उडतात, तर एकमेकांवर आदळत कशी नाहीत?

तुम्ही लिहिलंय की जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर सूर्यकिरणचा, म्हणजे भारतीय वायुसेनेच्या हवाई कसरतींच्या टीमचा, शो पाहिला आणि तेव्हापासून एकच शंका आहे: ही विमानं कॉम्प्युटरने एकमेकांशी जोडलेली असतात का? नाही. प्रत्येक विमान त्यात बसलेला माणूस हाताने उडवत असतो. अंतर राखणारं कुठलंही यंत्र मध्ये नसतं.

मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारा तंत्रज्ञ, होतो. घर उदगीरला आणि काही वर्षं पोस्टिंग बिदरला, म्हणजे गावाजवळच. सूर्यकिरण १९९६ मध्ये तिथेच उभी राहिली, ५२ स्क्वाड्रन. माझ्या काळात त्यांच्याकडे किरण मार्क-२ ही प्रशिक्षणाची जेट विमानं होती. पुढे २०११ मध्ये ती विमानं नव्या वैमानिकांना शिकवायला लागली म्हणून टीम थांबवावी लागली, आणि २०१५ मध्ये हॉक या दुसऱ्या प्रशिक्षण विमानावर पुन्हा सुरू झाली. मी स्वतः विमान उडवलेलं नाही. पण रोज सकाळी त्यांचा सराव पाहायचो आणि ते खाली उतरले की शंका विचारायचो. कुठल्याही वैमानिकाने कधी टाळलं नाही, चॉकवर, म्हणजे चाकाला लावायच्या ठोकळ्यावर, बसून हाताचे पंजे विमानासारखे धरून समजावायचे.

आधी वेगाचं बघू. हायवेवर दोन मोटारसायकली शेजारी शेजारी सारख्या वेगाने जात असल्या तर दोघे आरामात गप्पा मारतात. रस्ता मागे पळतो, पण शेजारची गाडी जागच्या जागी असते. फॉर्मेशनमध्ये, म्हणजे विमानं ठरलेल्या आकृतीत एकत्र उडतात तेव्हा, तसंच. ताशी पाचशे किलोमीटरचा वेग जमिनीवरून पाहणाऱ्याला जाणवतो. विंगमनला, म्हणजे लीडरच्या शेजारी-मागे उडणाऱ्या वैमानिकाला, लीडरचं विमान चार-पाच मीटरवर टांगून ठेवल्यासारखं दिसतं. त्याचं काम एवढंच की ते चित्र हलू द्यायचं नाही. ‘एवढंच’ म्हटलं खरं, पण शो संपेपर्यंत इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलवर त्याचा डावा हात आणि विमान वळवणाऱ्या दांड्यावर, म्हणजे स्टिकवर, उजवा हात एक क्षणही थांबत नाही. हालचाल मात्र केसाएवढी. नवीन माणूस चुकतो तो इथेच: थोडं मागे पडला की जोर जास्त देतो, मग पुढे जातो, मग घाबरून थ्रॉटल ओढतो, आणि विमान झोक्यासारखं पुढे-मागे व्हायला लागतं.

चित्र हललं हे कळतं कसं? बंदुकीचा नेम धरताना माशी आणि निशाण एका रेषेत आणतात ना, तसं. लीडरच्या विमानावरच्या दोन खुणा आधीच ठरलेल्या असतात, समजा पंखाच्या टोकाचा दिवा आणि धडावरची एखादी जागा. त्या दोन्ही एका रेषेत दिसल्या की विंगमन आपल्या जागी आहे. रेष मोडली की सरकलाय. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: विंगमन समोर पाहत नाही, जमिनीकडे पाहत नाही. विमान उलटं असो की सरळ, नजर लीडरवर.

म्हणून माझ्या मते हवाई कसरतीतलं सगळ्यात अवघड काम लीडरचं आहे. बाकीच्या सगळ्यांसाठी जमीन, ढग, वारा, प्रेक्षकांची रेषा तोच पाहतो. त्याने स्टिकला झटका दिला तर तो झटका मागच्या विमानापर्यंत पोचेस्तोवर मोठा होतो, म्हणून त्याला सगळं लोण्यासारखं करावं लागतं. तो इंजिनाची पूर्ण ताकदही वापरत नाही, कारण शंकरपाळीच्या आकारातलं फॉर्मेशन गिरकी घेतं तेव्हा बाहेरच्या विमानाला मोठं वर्तुळ कापायचं असतं. त्या बाहेरच्याच्या हातात जादा ताकद उरलीच पाहिजे. रेडिओवर लीडर हुकूमही एका ठरलेल्या चालीत देतो. भजनात टाळकऱ्याचा कान मृदंगावर असतो तसा सगळ्यांचा कान त्या आवाजावर असतो, आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर सगळे एकदम हलतात.

या विश्वासाची किंमत काय असू शकते ते १८ जानेवारी १९८२ ला अमेरिकेत दिसलं. नेवाडात थंडरबर्ड्स या अमेरिकी वायुसेनेच्या कसरती टीमची चार टी-३८ विमानं एका ओळीत लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ, घेऊन खाली येत होती. लीडरचं विमान वर उचललंच गेलं नाही. चौकशीत नियंत्रणातला बिघाड हे कारण दिलं गेलं. बाकीचे तिघे त्याच्यासोबत आपापल्या जागा धरून खाली गेले. चौघेही गेले. आपल्याकडे १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळूरजवळ येलहंकाला, एअरो इंडिया या विमान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीच्या सरावात, सूर्यकिरणच्या दोन हॉकची हवेत टक्कर झाली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. तेव्हा ‘आदळत नाहीत’ हे गृहीत धरू नका. ते रोज नव्याने सांभाळावं लागतं.

समोरासमोर येऊन एकमेकांना ओलांडणारी दोन विमानं वेगळा प्रकार आहे. प्रत्येकी ताशी सहाशे धरले तरी दोघांमधलं एक किलोमीटर अंतर तीन सेकंदांत संपतं. तिथे दोघांच्या वाटा आधीच बाजूबाजूला आखलेल्या असतात, आणि वाचवायची जबाबदारी एकाचीच असते. दोघांनीही ऐनवेळी वळायचं ठरवलं तर दोघे एकाच बाजूला वळू शकतात. प्रेक्षकांना बाजूने पाहताना ते अंतर दिसतच नाही, म्हणून पोटात गोळा येतो.

धुराचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण ते आमचं खातं. तो जळका धूर नसतो. गरम एक्झॉस्टमध्ये डिझेल सोडलं की त्याची वाफ होते आणि बाहेर थंड होऊन पांढरं धुकं बनतं. रंग मिसळला की रंगीत. समोरून येणाऱ्या जोडीदाराला विमान लांबून दिसावं, याही कामाला तो येतो.

टीममध्ये येतात ते लढाऊ विमानांचे, शिकवण्याची पात्रता असलेले वैमानिक, साधारण तीन वर्षांसाठी. सराव आधी दोन-तीन विमानांचा आणि उंचावर. हात बसला की विमानं वाढतात, उंची उतरते. प्रत्येक सरावाचं खालून चित्रीकरण होतं आणि नंतर बंद खोलीत ते थांबवून थांबवून पाहिलं जातं. तिथे सर्वांत ज्युनिअर माणूसही ‘सर, तुम्ही उशिरा वळलात’ असं लीडरला सांगतो, आणि लीडर वहीत लिहून घेतो.

पुढच्या वेळी शो पाहाल तेव्हा सगळी आकृती पाहू नका. कडेचं एकच विमान धरा आणि गिरकी सुरू होताना त्याच्यावरच नजर ठेवा. लीडर जवळजवळ जागेवर फिरत असतो आणि ते कडेचं विमान त्याच्याभोवती अख्खा डोंगर चढून उतरत असतं.