तळ्यातलं निळं फूल : 'उपल्या' म्हणा

प्रश्न असा आहे : ठाण्याच्या एका तळ्यात निळसर फुलं दिसतात, त्यांना 'निळं कमळ' म्हणावं की 'कृष्णकमळ'?

दोन्ही नको. ही पाणलिली, कमळ नव्हे. कमळ निळं नसतंच. आपल्याकडचं कमळ गुलाबी किंवा पांढरं. आणि 'कृष्णकमळ' म्हटलं की आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कुंपणावरची वेल येते. जांभळी नाक्याच्या बाजारात मार्गशीर्षातल्या गुरुवारी पाण्यातल्या प्रत्येक फुलाला 'कमळ' म्हणून हाक मारतात, ते कानाला टोचतं. फुलाच्या मधोमध उलट्या शंकूसारखा, वर सपाट गड्डा दिसला तरच ते कमळ. तळ्यात असाल तर पान पाहा. कमळाच्या पानाची कड अखंड, देठ छत्रीसारखा मधोमध. या निळ्याचं पान पाण्यावर पसरलेलं आणि कडेपासून देठापर्यंत चिरलेलं. टबात लावतानाही गफलत नडते : कमळाचा कंद आडवा धावतो, त्याला रुंद भांडं लागतं, याचा गड्डा जागच्या जागी राहतो, पण कोंब मातीत गाडला की कुजतो.

याचं मराठी नाव 'उपल्या कमळ', आणि त्यातला 'उपल्या' हा शब्द सोन्यासारखा मोलाचा आहे. संस्कृत 'उत्पल', प्राकृत 'उप्पल', मग 'उपल्या'. 'उत्पद्यते'चं 'उप्पज्जइ' आणि त्याचं 'उपजणे' झालं, तीच ही वाट. 'कमल'चं 'कमळ' झालं, मग इथे 'ळ' का नाही, हा आक्षेप रास्त आहे. माझ्या मते 'उत्पल' हा शब्द वैद्यांच्या तोंडी जिवंत राहिला आणि त्यानेच 'ल' टिकवला. 'पाण्याच्या उपर राहतं म्हणून उपल्या' ही व्युत्पत्ती मात्र मुळीच पटण्यासारखी नाही. पाण्याच्या वर डौलात उभं राहतं ते कमळ, मग हे नाव त्याला का नाही मिळालं? अमरकोश या जुन्या संस्कृत कोशातही उत्पल आणि कुवलय ही पाणलिलीची नावं एका गटात, पद्म आणि नलिन ही कमळाची दुसऱ्या.

आता खरी गंमत. 'नीलोत्पल', म्हणजे निळं उत्पल, इराणात गेलं आणि 'नीलूफर' झालं, अरबीतून युरोपात पोचलं आणि फ्रेंचांचं 'नेनुफार' झालं. पिवळ्या पाणलिलीच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव 'नुफार', तेही याच कुळातलं. फ्रेंच अकादमीने मात्र १९३५च्या कोशात या शब्दातला साधा 'एफ' काढून ग्रीक थाटाचा 'पीएच' घातला, कारण काय तर म्हणे शब्द ग्रीक 'निम्फिया'वरून आला! सपशेल चूक. १९९०च्या शुद्धलेखन सुधारणेत 'एफ' परत आला, तरी बहुतेक फ्रेंच अजून 'पीएच'च लिहितात. आपल्या तळ्यातल्या शब्दाला एवढ्या लांब जाऊन चुकीचं गोत्र चिकटलं, याची खंत वाटते.

आणि हो, उपल्या दिवसा उमलतं. रात्री उमललेलं पांढरं फूल दिसलं तर ते कुमुद; चंद्राला 'कुमुदबंधू' म्हणतात ते त्यामुळेच.