वाचकांचे प्रश्न : जुन्या डिझेल इंजिनाची हवा आणि हेड गॅसकेट

प्रश्न : माझी १९९८ सालची प्रवासी गाडी पोलादपूर ते महाबळेश्वर या मार्गावर चालते. इंजिन अडीच लिटरचे, टर्बो (हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले असून ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे आहे. गेल्या दोन वर्षांत हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉक यांमधील सांधा बंद करणारी पातळ चकती) दोनदा गेले. पहिल्या वेळी केवळ गॅसकेट बदलले, दुसऱ्या वेळी हेडचे फेसिंगही (पृष्ठभाग कापून सपाट करणे) करून घेतले. आता आंबेनळी घाट चढताना पुन्हा काळा धूर येतो, ओढ कमी पडते आणि तापमानाचा काटा वर सरकतो. एक फिटर थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाका म्हणतो, दुसरा इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचे डिझेल वाढवा म्हणतो. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, पोलादपूर)

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. आपली गाडी जे सांगते आहे त्याच्या नेमके उलट असे हे दोन्ही सल्ले आहेत. गॅसकेट हा या प्रकरणात आजार नसून आजाराचा परिणाम आहे. हेड प्रमाणाबाहेर का तापते याचा शोध लागेपर्यंत तिसरे गॅसकेटही टिकणार नाही.

काळा धूर म्हणजे सिलिंडरमध्ये आलेल्या हवेला पुरेल त्याहून अधिक डिझेल तेथे पडत आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा लागते, आणि धूर होऊ नये म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक, १८ ते २० किलोपर्यंत, मिळावी लागते. आपले इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर दर मिनिटाला तीन हजार लिटरहून अधिक हवा ओढते. त्यातच महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा कोकणच्या पायथ्याच्या मानाने १२ टक्क्यांच्या आसपास विरळ असते, म्हणजे खाली जुळवलेला पंप वर पोहोचेपर्यंत आपोआपच जास्त डिझेल देणारा ठरतो. हे जादा डिझेल उशिरा, पिस्टन खाली जात असताना आणि काही अंशी एक्झॉस्टपर्यंत जळत राहते. त्याची उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि दोन व्हॉल्व्हमधील अरुंद पट्टी यांना सोसावी लागते, आणि हेडला तडा बहुधा त्याच पट्टीत जातो. अशा इंजिनाचा पंप आणखी वाढवणे म्हणजे हेड जाणूनबुजून भाजणे होय.

उंचीमुळे होणारी घट आपल्या हाती नाही, पण उरलेली बरीचशी आहे. सर्वप्रथम एअर क्लीनर उघडावा. कागदी फिल्टर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जोरात फुंकून पुन्हा बसवण्याची सवय फार घातक आहे, कारण त्याने कागदाला न दिसणारी छिद्रे पडतात, त्यातून शिरलेली धूळ पिस्टनच्या रिंगा झिजवते आणि मग कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे) जाते. फिल्टर खरोखर किती अडवतो हे पाहायचे असेल, तर पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरावे, एक टोक फिल्टर आणि मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांत वाटणारा भाग) यांमधील पाइपाला जोडून दुसरे मोकळे ठेवावे आणि इंजिन पूर्ण फेऱ्यांवर नेऊन दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील अंतर मोजावे. नवा फिल्टर घातल्यावर आलेला आकडा लिहून ठेवावा आणि अंतर त्याच्या दुपटीच्या वर गेले की फिल्टर बदलावा. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी पाण्याच्या पातळीतील २० ते २५ इंच अंतर ही साधारण शेवटची मर्यादा मानली जाते.

हवा कोठून घेतली जाते, हेही पाहावे. बाहेरची हवा आणणारा पाइप तुटल्यामुळे किंवा दुरुस्तीत काढून टाकल्यामुळे अनेक जुन्या गाड्या बॉनेटखालची तापलेली हवा ओढतात. तापमान सुमारे ३ अंशांनी वाढले की हवा एक टक्का विरळ होते. त्यामुळे ३३ अंशांऐवजी ६० अंशांची हवा घेणारे इंजिन सपाट रस्त्यावरही ८ टक्के हवा गमावून बसते. उघडा, ‘स्पोर्ट’ म्हणून विकला जाणारा फिल्टर बॉनेटखाली बसवल्याने हेच घडते, म्हणून तो घेऊ नये. टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचे) अंतर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे असावे. सायलेन्सर दबलेला किंवा काजळीने भरलेला नसावा, कारण जळालेला वायू बाहेर पडला नाही तर नव्या हवेला जागाच उरत नाही. एवढे झाल्यावर डिझेल फवारणारे नॉझल आणि पंप बेंचवर तपासून घ्यावेत आणि धूर उरलाच तर डिझेल थोडे कमी करावे. घाटात ओढ किंचित घटेल, ती घटू द्यावी.

आता पाण्याकडे वळू. थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो तेव्हा तो अनेक इंजिनांत बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता तसेच इंजिनात परतते, म्हणजे ज्या घाटासाठी तो काढला तेथेच थंडावा कमी पडतो. नवा थर्मोस्टॅट आणावा, बसवण्यापूर्वी गरम पाण्यात टाकून तो उघडतो ना हे डोळ्यांनी पाहावे. रेडिएटरची कॅपही बदलावी. ०.९ बारचा दाब धरणारी कॅप पाण्याचा उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या आसपास नेते, पण कॅप सैल असेल तर महाबळेश्वरला साधे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि उकळत्या पाण्याची वाफ हेडलगत साचली की तेथील धातूला थंड करणारे काही उरत नाही. बोअरचे जड पाणी अजिबात वापरू नये. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालावे.

गॅसकेटवर किती ताण येतो, हेही लक्षात घ्यावे. ९४ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ७० बार दाब झाला, तर प्रत्येक स्फोटागणिक हेड सुमारे पाच टन बळाने वर ढकलले जाते. शिवाय अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे अर्धा मीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले की ते ब्लॉकपेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर जास्त लांबते आणि मधले गॅसकेट तेवढे घासले जाते. नेहमीच्या तापमानासाठी त्याची रचना केलेलीच असते. काटा लाल पट्ट्यात गेला की हेड वाकते आणि पकड सुटते.

गॅसकेट आताच गळू लागले आहे का, हे सकाळी थंड इंजिनावर कळेल. कॅप उघडी ठेवून गाडी सुरू करावी. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, किंवा कॅप लावल्यावर पाणी तापण्याआधीच वरचा होज पाइप हाताला कडक लागू लागला, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे.

हेड उघडावे लागलेच तर फेसिंगआधी त्याची गरम पाण्यात प्रेशर टेस्ट करून घ्यावी, कारण तडा गेलेल्या हेडचे फेसिंग हा वाया गेलेला खर्च आहे. ब्लॉकचा पृष्ठभागही स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) तपासायला लावावा. आपल्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. बोल्टच्या भोकांतील तेल-पाणी फुंकून काढावे, पिस्टन किती वर येतो ते मोजून त्यानुसार योग्य जाडीचे गॅसकेट निवडावे आणि बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत.

प्रश्न : घाटातील ओढ वाढावी म्हणून अशाच जुन्या इंजिनाला बाहेरून टर्बो बसवून घ्यावा काय? (एक वाचक, वाई)

उत्तर : विरळ हवेची उणीव टर्बो खरोखर भरून काढतो, हे मान्य आहे. परंतु जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन अनेकदा आधीच २० पटींहून अधिक असते, आणि त्यावर टर्बोचा दाब चढवला की सिलिंडरमधील कमाल दाब गॅसकेट व बोल्ट यांच्या ताकदीपलीकडे जाऊ शकतो. कारखान्यातून टर्बोसह येणाऱ्या इंजिनांत सहसा पिस्टन व गॅसकेट वेगळे असतात आणि पिस्टनवर खालून तेल उडवण्याचीही सोय असते. ते सारे बदलायचे नसेल तर टर्बो बसवू नये. त्याऐवजी तो पैसा रेडिएटरचा नवा कोअर आणि पंपाची दुरुस्ती यांवर खर्च करावा.

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रॅक्टरचे गॅसकेट दर वेळी तिसऱ्या सिलिंडरपाशीच जाते. हेड नवे घातले तरी फरक पडला नाही. (एक वाचक, इंदापूर)

उत्तर : एकाच सिलिंडरपाशी पुनःपुन्हा गळती होत असेल तर लायनरकडे, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याकडे, पाहावे. वेट लायनरच्या (बाहेरून थेट पाणी फिरणाऱ्या लायनरच्या) इंजिनात लायनरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या किंचित, काही शतांश मिलिमीटर, वर असणे आवश्यक असते. त्यामुळेच गॅसकेटची कडी तेथे घट्ट दाबली जाते. वर्षानुवर्षे विहिरीचे साधे पाणी घातल्याने लायनरची बैठक गंजते, लायनर खाली बसतो आणि हेड नवे असो वा जुने, दाब तेथूनच निसटतो. हेड काढल्यावर लायनर दाबून धरून डायल गेजने प्रत्येक लायनर किमान चार ठिकाणी मोजायला सांगावे आणि आकडे पुस्तिकेतील मर्यादेशी, तसेच शेजारच्या लायनरशी ताडून पाहावेत. तिसरा कमी भरला तर लायनर बाहेर काढून बैठक साफ कापून घ्यावी आणि योग्य जाडीची शिम (पातळ कडी) घालून तो पुन्हा बसवावा. हे काम ट्रॅक्टरचे ब्लॉक नेहमी करणाऱ्या लेथवाल्याकडेच द्यावे. हाताने घासून बैठक एका बाजूला झुकली तर लायनर तिरका बसतो आणि आवळताना त्याची कॉलर (वरची कड) तुटू शकते.