भाव सापडला नाही तरी सर्व्हिस 200 पाठवते, स्टेटस कोड कसा बदलायचा?

तुमची सर्व्हिस नागपूरच्या कळमना मार्केटमधले संत्र्याचे भाव देते आणि त्या तारखेचा भाव नसला तरी 200 (म्हणजे 'सगळं ठीक') पाठवून आत 'एरर' लिहिते, हे आधी थांबवा. ॲप, प्रॉक्सी (मधला सर्व्हर), मॉनिटरिंग सगळे आधी स्टेटस कोड बघतात. 200 दिसला की कॅशे (उत्तरांची तात्पुरती साठवण) तो चुकीचा निरोपच साठवून पुढच्याला देऊ शकते.

स्प्रिंग बूटमध्ये (जावाचं फ्रेमवर्क) मेथडमधून नुसता ऑब्जेक्ट परत केला की 200 जातो. रिस्पॉन्सएंटिटी (कोड आणि बॉडी एकत्र नेणारा ऑब्जेक्ट) परत करा, मग कोड तुमच्या हातात. 'सापडलं नाही'साठी मात्र स्वतःचं एक्सेप्शन करून ते कंट्रोलर ॲडव्हाइसमध्ये (सगळ्या एरर एका जागी हाताळणारा क्लास) 404 शी जोडलेलं मला जास्त पटतं. प्रत्येक मेथडमध्ये इफ-एल्स लिहावं लागत नाही.

नवा भाव नोंदवला तर 201 आणि सोबत नव्या नोंदीचा पत्ता देणारं लोकेशन हेडर. तारीखच वेडीवाकडी आली तर 400. लॉगिन नाही तर 401, लॉगिन आहे पण परवानगी नाही तर 403. ही दोन सर्रास उलटी लावलेली दिसतात.

कोड बॉडी लिहायच्या आधीच ठरवा. रिस्पॉन्स एकदा क्लायंटकडे निघाला की स्टेटस बदलता येत नाही.