ताडोबात वाघ दिसावा म्हणून कोणत्या महिन्यात जावं?

वाघच पाहायचा असेल तर एप्रिल-मे. चंद्रपूरचं ऊन अंग भाजून काढतं, पण तेव्हा जंगलातलं पाणी आटतं आणि वाघ उरलेल्या पाणवठ्यांवर येतो. जुलै ते सप्टेंबर कोअर (जंगलाचा आतला गाभा) बंद, मंगळवारी तिथे सफारी नसते. मोहर्ली गेटचं बुकिंग मिळालं नाही तर आगरझरी किंवा जुनोना बफर (गाभ्याभोवतीचं जंगल) घ्या, तिथेही वाघ आहेत.

एक कळकळीची विनंती: सफारीची जिप्सी पळवायला लावू नका. इंजिन बंद करून कान द्या. आम्ही तसेच थांबलो होतो. आधी झाडावरून वानर खकरलं, मग सांबराने शेपूट उभारून पुढचा पाय आपटला; दोन्ही वाघ जवळ असल्याचे इशारे. दोन मिनिटांत बांबूतून वाघीण शांतपणे रस्त्यावर आली. तिची वाट मात्र अडवू नका.