लेकीच्या मोठ्या नंबरावर लेसर? थोडं थांबा

ताई, नऊ वर्षांच्या लेकीला उणे 8 नंबर लागल्यावर जीव कसा टांगणीला लागतो, ते मी माझ्या पोरापायी भोगलंय. टीव्हीला नाक लावून बसायचा. तरी तुम्ही विचारलंत त्या, चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसर ऑपरेशनची घाई नको. लेसर फक्त डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला आकार देतो. आतून डोळा लांबत राहिला की नंबर पुन्हा वाढतो. म्हणून साधारण 18 पूर्ण आणि नंबर किमान वर्षभर स्थिर, मगच. दोन डोळ्यांत फार तफावत, एक डोळा आळशी (मेंदू त्याची नजर नीट वापरत नाही) आणि मूल चष्मा-लेन्स लावूच देत नाही, असं असेल तरच क्वचित लहानपणी करतात, तेही पूर्ण भूल देऊन.

सध्या डॉक्टरांना नंबर वाढायचा वेग कमी करणाऱ्या, कमी मात्रेच्या अ‍ॅट्रोपिन थेंबांबद्दल विचारा. रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळू द्या. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळीच अंबाझरी तलावाकडे न्या. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं झालं किंवा काळे ठिपके अचानक वाढले, तर त्याच दिवशी डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या.