डोमेन नावांचा साठा आणि हातातले 7 लाख

प्रश्न : मी 36 वर्षांचा असून बावधनला राहतो आणि हिंजवडीत नोकरी करतो. गेल्या दोन वर्षांत मी इंटरनेटवरील 26 डोमेन नावे, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, नोंदवली. त्यांपैकी एक, साधा मराठी शब्द असलेले, नाशिकच्या एका योगवर्गाला 40,000 रुपयांना विकले गेले. आता मुदत ठेव आणि बोनस मिळून 7 लाख रुपये हाती आहेत. त्यांतून हा संग्रह 240 नावांपर्यंत न्यावा असा विचार आहे. त्यात सामान्य शब्द असतील, वेबसाइट नसलेल्या जुन्या पुणेरी दुकानांची नावे असतील आणि मुदत संपून सुटलेली नावेही असतील. नावांची यादी, हिशेबाचा तक्ता आणि घरखर्चाचा तपशील सोबत जोडला आहे. माझे निवृत्त शिक्षक वडील म्हणतात की, हे दुसऱ्याचे नाव अडवून त्याच्याकडून पैसे उकळणे आहे. पत्नीला पैशांची काळजी वाटते. कायद्याने गुन्हा नसेल, तर यात चूक काय?

उत्तर : तुमच्या पत्नीची शंका आणि वडिलांचा आक्षेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे तुम्ही धरून चालला आहात. मी तुमची यादी दोनदा वाचली, तेव्हा बहुतेक ठिकाणी ती एकच गोष्ट निघाली. एका ठिकाणी मात्र दोघांच्या वाटा फुटतात, आणि तिथेच तुम्हाला खरा निर्णय घ्यायचा आहे.

आधी हिशेब. डोमेन नाव आपण 'विकत घेतले' असे म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात आपण ते भाड्याने घेतो. एका वेळी फार तर 10 वर्षांचे भाडे भरता येते, आणि भाडे थांबले की नाव जाते. वाघोलीला घेतलेला प्लॉट वीस वर्षे पडून राहिला तरी फारसे काही मागत नाही. 240 नावे मात्र दर वर्षी प्रत्येकी सुमारे 1,200 रुपये मागतील, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून 2,88,000 रुपये. सरासरी विक्री किंमत तुम्ही 40,000 धरली आहे. विक्री करून देणाऱ्या मंचाचे 15 टक्के कमिशन गेल्यावर 34,000 उरतात. याचा अर्थ नुसते नूतनीकरण भागवायला वर्षाला नऊ नावे विकावी लागतील.

तुमच्या तक्त्यात वर्षाला 5 टक्के, म्हणजे 12 नावे विकली जातील असे गृहीत आहे. तसे झाले, तर 1,20,000 रुपये उरतील आणि 30 टक्के कर गेल्यावर 84,000. म्हणजे 7 लाखांवर 12 टक्के. हा तुमच्या आशेचा आकडा आहे. अनुभवाचा आकडा वेगळा आहे : 26 नावांतून दोन वर्षांत एक विक्री, म्हणजे वर्षाला जेमतेम 2 टक्के. या व्यवहारात मुरलेली मंडळीही साधारण 1 ते 2 टक्केच धरतात. त्या दराने 240 नावांतून पाच विकली जातील, कमिशन वजा जाता 1,70,000 रुपये येतील आणि नूतनीकरण भरल्यावर वर्षाला 1,18,000 रुपयांचा तोटा होईल. 2019 मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव 3 कोटी डॉलरला विकले गेले, याचा तुम्ही पत्रात उल्लेख केला आहे. ते विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी ही सॉफ्टवेअर कंपनी होती आणि ते नाव तिच्याकडे वर्षानुवर्षे होते. असे सौदे बातमीत येतात. नूतनीकरण न करता मुकाट्याने सोडून दिलेली नावे कुठेच छापून येत नाहीत.

कराची एक बाजू तुमच्या तक्त्यात नाही. इतक्या संख्येने नावे घेऊन विकणे हा धंदा समजला जाईल. नफा धंद्याचे उत्पन्न म्हणून तुमच्या पगाराच्या वर, वरच्या टप्प्यातील दराने करपात्र होईल. तोटा झाला, तर मात्र तो पगारातून वजा करता येणार नाही; तो फार तर पुढची 8 वर्षे धंद्याच्याच नफ्यासमोर ओढत न्यावा लागेल. शिवाय नोकरीच्या करारात जोडधंद्याबद्दल काय लिहिले आहे, तेही एकदा वाचून घ्या.

आता वडिलांचा मुद्दा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. स्वारगेटला वाढलेल्या माणसाने त्याला नाके मुरडू नयेत. मीही धरली आहे. पण रुमाल टाकणारा निदान स्वतः त्या गाडीने जाणार असतो. ज्याला कुठेच जायचे नाही, तो दहा जागांवर दहा रुमाल टाकून दाराशी भाव करू लागला, तर त्याला प्रवासी म्हणता येत नाही. 'जो आधी येईल त्याला' हा नियम आणि नोंदणीचे कमी शुल्क, या दोन्ही गोष्टी कोणालाही आपले नाव सहज मिळावे म्हणून आहेत. अडवणूक स्वस्तात करता यावी हा त्यांचा हेतू नव्हता.

तरीही सगळ्याच नावांच्या व्यापाराला मी अडवणूक म्हणणार नाही, आणि इथे मी तुमच्या वडिलांशी सहमत नाही. तुमचा योगवर्गाचा सौदा मला निर्दोष वाटतो. तो शब्द कोणाच्या मालकीचा नव्हता, तो मराठी भाषेचा होता. तो घेऊ शकणारे पन्नास जण होते, आणि त्या योगवर्गाला दुसरे नाव निवडायची पूर्ण मोकळीक होती. रस्ता कुठून जाईल याचा अंदाज बांधून जमीन घेणाऱ्याइतकीच जोखीम तुम्ही घेतली आणि तिचा मोबदला मिळवला. म्हणून प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहा : याचा गिऱ्हाईक कोण? अनेक जण असू शकत असतील, तर तुम्ही शब्द विकत आहात. ते नाव आधीपासून मिरवणारी एकच व्यक्ती किंवा पेढी गिऱ्हाईक असेल, तर तुम्ही तिची अडचण विकत आहात.

हाच प्रश्न कायदाही विचारतो. भारतात या विषयावर अमेरिकेच्या 1999 च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे 'गुन्हा नाही' हे तुमचे म्हणणे ढोबळमानाने चालेल. परंतु त्याच 1999 साली आयकॅन या डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने तंटे सोडवण्याची जी पद्धत स्वीकारली, तिच्यात व्यापारचिन्हाच्या (ट्रेडमार्कच्या) मालकालाच खर्चापेक्षा जास्त किमतीत विकण्याच्या मुख्य हेतूने नाव घेणे हा दुर्हेतूचा पहिलाच पुरावा म्हणून नोंदवलेला आहे. 'डॉट इन' नावांसाठी त्यांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेची तशीच लवादाची सोय आहे. न्यायालयांचा कलही स्पष्ट आहे. 'रेडिफ'शी मिळत्याजुळत्या 'रॅडिफ' नावाला मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये मनाई केली. सत्यम इन्फोवे या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे सांगितले. आणि 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अरुण जेटली यांच्या नावाच्या डोमेनबाबत त्यांचा हक्क मान्य केला. तुमच्या यादीतली चार राजकीय नावे इथेच काढून टाका. मोठ्या कंपन्यांची नावेही त्यांच्याबरोबर जाऊ द्या, कारण ती तुमच्याकडून विकत न घेता काढून घेता येतात आणि तुमच्या हाती फक्त खर्च राहतो. इथवर वडील आणि पत्नी दोघेही एकाच बाजूला आहेत.

वाटा फुटतात त्या दुकानांच्या नावांपाशी. तुळशीबागेतला भांड्यांचा दुकानदार, सदाशिव पेठेतली खानावळ, तीन पिढ्यांचा मसाल्याचा व्यवसाय : यांच्या नावाला पेठेत मान आहे, पण व्यापारचिन्हाची नोंदणी बहुधा केलेली नसते. अशा माणसाने जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे 'डॉट कॉम' नावासाठी तक्रार करायची म्हटली, तर एका पंचासाठीचे शुल्कच 1,500 डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून अधिक आहे, आणि वकील त्याखेरीज. त्याच्यापुढे तुम्ही 40,000 रुपये मागितले, तर तो चरफडत देईल. म्हणजे इथे तुमचा हिशेब जुळतो. संपूर्ण यादीत विक्रीची शक्यता सर्वांत जास्त आणि दाव्याचा धोका सर्वांत कमी असलेली नावे हीच आहेत, आणि केवळ परताव्याकडे पाहणारा सल्लागार तुम्हाला इथेच पैसे घाला म्हणेल. पण ते 40,000 नावाची किंमत नाहीत. वकिलाकडे जाणे त्याला परवडत नाही, त्याची ती किंमत आहे. त्या नावाला अर्थ आला तो त्याच्या आजोबांनी पहाटे उठून भट्टी पेटवली म्हणून. तुम्ही त्यात 1,200 रुपयांपलीकडे काहीही घातलेले नाही. माझ्याकडे गुंतवणुकीच्या नावाखाली असा प्रस्ताव आला, तर परतावा कितीही असला तरी मी तो करू देत नाही, आणि तुम्हालाही करू नका असेच सांगतो.

सुटलेल्या नावांचेही बहुतांशी तसेच आहे. 'डॉट कॉम' नावाची मुदत संपली की साधारणपणे 45 दिवसांपर्यंतची सवलत, मग जादा शुल्क भरून परत मिळवण्याचे 30 दिवस आणि त्यानंतर 5 दिवसांनी नाव मोकळे, असा क्रम असतो. ज्याने विचारपूर्वक धंदा बंद केला, त्याचे नाव घेण्यात काही गैर नाही. पण छोट्या व्यवसायांची नावे सुटतात ती बहुतेकदा वेबसाइट करून देणारा मुलगा गावी गेला, ईमेलचा पासवर्ड कोणाला माहीत नाही किंवा मालक वारले आणि वारसांना हे खाते असल्याचाच पत्ता नाही, अशा कारणांनी. काही वर्षांपूर्वी माझ्या आई रुग्णालयात असताना माझ्याच कार्यालयाचे नाव असे सुटले. ते उचलणाऱ्या गृहस्थाने 22,000 मागितले, घासाघीस करून 9,000 वर मिटले. व्यवहार नियमानुसारच होता. तरीही ते 9,000 देताना जो राग आला, तो शेअर बाजारात त्याच्या कितीतरी पट गमावतानाही आला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. त्यामुळे या मुद्द्यावर मी पूर्ण तटस्थ नाही, एवढे लक्षात ठेवून माझे मत तोला.

पुण्यातील एका सहकारी बँकेच्या नावाचे स्पेलिंग किंचित बदलून घेतलेली तीन नावे तुमच्याकडे आहेत. ती तुम्ही मस्करीत घेतली असतील, पण त्यांचा उपयोग ठेवीदार ज्येष्ठ नागरिकांना फसवण्याखेरीज कोणालाच नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी 'बँक डॉट इन' हा राखीव विभाग ठरवून दिला आहे आणि तिकडे जाण्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत घातली होती. तेव्हा खरी बँक तुमच्याकडे येणारच नाही. जो येईल त्याला विकू नका. नावे आजच रद्द करा.

पैशांची वाटणी मी अशी सुचवतो. तुमचा घरखर्च हप्त्यासकट महिन्याला 95,000 रुपये आहे आणि आपत्कालीन निधी 2,50,000. सहा महिन्यांची सोय व्हायला 3,20,000 कमी पडतात, ते आधी बाजूला काढा. तुमच्या क्षेत्रातील नोकऱ्यांची सध्याची स्थिती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 75,000 रुपये नावांसाठी ठेवा, आणि त्यातच पुढील तीन वर्षांचे नूतनीकरणही बसवा. म्हणजे आहेत ती आणि नवी धरून वीसच्या आसपास नावे होतील. सगळी सामान्य शब्दांची. मराठी शब्द देवनागरीत 'डॉट भारत'खाली 2014 पासून नोंदवता येतात. त्यांना गिऱ्हाईक कमी आहे, पण तुमची भाषेची जाण तिथे खरोखर उपयोगी पडेल. पुरंदर विमानतळाच्या अवतीभवतीची नावे मी या रकमेत घेणार नाही : प्रकल्पाचे अधिकृत नाव काय ठरेल त्यावर तुमचा ताबा नाही, आणि ते तुमच्या नावाशी जुळलेच तर प्रवासी फसण्याची शक्यता आहे. तीन वर्षांत एकही चौकशी न आलेले नाव सोडून द्यायचे, हे आजच लिहून पत्नीकडे द्या. नाहीतर प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी 'पुढच्या वर्षी जाईल' असे वाटत राहते. उरलेले 3,05,000 साडेआठ टक्क्यांच्या गृहकर्जात भरा. तुमच्या आशेच्या आकड्यापेक्षा हे कमी आहे, पण वाचलेले व्याज कोणत्याही गिऱ्हाइकाची वाट पाहायला लावत नाही.

राहिले मसाल्याच्या दुकानाचे ते एक नाव, जे तुम्ही आधीच घेतले आहे आणि जे जुलैत नूतनीकरणाला येते. ते सोडून देऊ नका, कारण सुटले तर तुमच्यासारखाच दुसरा कोणी उचलेल. जुलैच्या आत दुकानात जा, नोंदणीला झाला तेवढाच खर्च घ्या, खाते मालकांच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर आणि ईमेलवर करून द्या, आणि नूतनीकरणाची तारीख त्यांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहूनच बाहेर पडा.