देवीनेच दार लावून घेतलं

एप्रिल ते जुलै हा बदल्यांचा मोसम. बँका, रेल्वे, लष्कर, विमा कंपन्या, सगळीकडे ऑर्डरी निघतात आणि जूनअखेर माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडून एकच गाऱ्हाणं ऐकू यायला लागतं. ‘देवाचं सगळं करून निघालो होतो. मुहूर्त पाहिला, ट्रकच्या चाकाखाली लिंबं ठेवली, कुलदैवताला जाऊन आलो. मग एवढी विघ्नं का? देवाच्या मनात हे नव्हतंच का? परत फिरावं का?’ शेवटचा प्रश्न फार हळू आवाजात येतो, पण येतो.

या प्रश्नाला थेट उत्तर नसतं. त्याऐवजी एक उदाहरण सांगते. परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण नुसतं ताई म्हणू.

ताई पुण्याच्या. नवरा सरकारी बँकेत अधिकारी, एप्रिलमध्येच गुवाहाटीला रुजू झालेला. पुण्याहून गुवाहाटी रस्त्याने सुमारे २,८०० किलोमीटर. सामान ट्रकने गेलं आणि ताई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन जूनच्या सुरुवातीला विमानाने. पहिल्या सत्रात स्क्रीनवर त्यांच्यामागे न उघडलेल्या खोक्यांची भिंत दिसत होती. त्यांनी एका दमात यादी सांगितली. ट्रक दहा दिवसांत यायचा, तो एकविसाव्या दिवशी आला. मध्येच फोन आला, ‘नाक्यावर गाडी अडकलीय, ई-वे बिल नाही, दंडाचे १८,००० पाठवा.’ पाठवले. वॉशिंग मशिन लावलं तर ड्रम आतल्या आत आपटायला लागला. काचेच्या बारा ताटल्यांतल्या सात फुटल्या. गॅस नाही, तीन आठवडे इंडक्शनवर एका वेळी एकच भांडं. मुलाच्या दाखल्यावर पुण्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी नाही म्हणून शाळेने प्रवेश लटकवून ठेवलेला. आणि सागवानी देव्हाऱ्याचा कळस मोडला.

एवढं सांगेपर्यंत आवाज स्थिर होता. पुढे मात्र फुटला.

‘म्हटलं, इथल्या कामाख्या देवीची ओटी भरून येऊ, मग सगळं सुरळीत होईल. पायथ्याशीच गाडी अडवली. ड्रायव्हर म्हणाला, देऊळ तीन दिवस बंद आहे. देवीनेच दार लावून घेतलं हो माझ्या तोंडावर.’

नवऱ्याने समजूत घातली होती ती अशी: ‘देव काय ट्रक चालवतो?’ वाक्य बिनचूक, उपयोग शून्य. श्रद्धाळू माणसाचं देवाशी भांडण चालू असताना देवच नाही असं त्याला सांगितलं, की भांडायलाही कुणी उरत नाही. माणूस आणखी एकटा पडतो. घरच्यांनी एवढं एक टाळलं तरी अर्धं काम होतं. उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची: ‘देव परीक्षा पाहतो’ म्हणायचं आणि विषय मिटवायचा. परीक्षा म्हटलं की नापास होण्याची भीती आलीच.

आम्ही वही काढली. एका पानावर तीन रकाने: माझ्या हातातलं, दुसऱ्याच्या हातातलं, कुणाच्याच हातात नसलेलं. प्रत्येक विघ्न घ्यायचं, ते नेमकं का घडलं ते शोधायचं आणि मगच रकाना ठरवायचा. देवाचा रकाना मुद्दाम ठेवला नव्हता. ताईंनी विचारलं तेव्हा सांगितलं, आधी हे तीन भरू, काही उरलं तर चौथा पाडू.

ट्रकचा उशीर. सामान ‘पार्ट लोड’ने पाठवलेलं, म्हणजे एका गाडीत चार-पाच घरांचं सामान. गाडी भरेपर्यंत ती निघत नाही, आणि वाटेत गोदामात माल एका गाडीतून दुसरीत जातो. ईशान्येकडे जाणारा सगळा रस्ता सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून, त्यात जूनचा पाऊस. पाऊस तिसऱ्या रकान्यात गेला. पार्ट लोड निवडणं पहिल्यात, कारण ते स्वस्त पडलं होतं आणि त्यात गैर काही नाही. दहा दिवसांचं तोंडी आश्वासन देणारा वाहतूकवाला दुसऱ्यात.

ताटल्या आडव्या एकावर एक रचल्या होत्या. ताटली उभी ठेवायची असते, पुस्तकांच्या ओळीसारखी, प्रत्येकीभोवती कागद आणि खोक्याच्या तळाशी चुरगळलेल्या कागदाचा चार बोटं थर. गोदामात खोकं उतरवताना आदळतं तेव्हा आडव्या चळतीत खालच्या ताटल्यांवर सगळा भार येतो. वॉशिंग मशिनचं कारण तर ताईंच्या घरातच होतं. पुढून उघडणाऱ्या मशिनचा ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळता असतो. नवं मशिन येतं तेव्हा मागच्या बाजूला लांब बोल्ट असतात, तीन किंवा चार, ड्रम प्रवासात हलू नये म्हणून. बसवताना मेकॅनिक ते काढतो, आपण ते कुठल्या तरी डब्यात टाकतो. ताईंच्या मुलाने ते खिळ्यांच्या डब्यातून शोधून दाखवले. बोल्ट पुन्हा न लावता मशिन २,८०० किलोमीटर हिंदकळत गेलं होतं.

गॅसचं असंच. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर दोन्ही आपल्या वितरकाकडे जमा करायचे, अनामत परत घ्यायची आणि कनेक्शन बंद केल्याचं टर्मिनेशन व्हाउचर मागून घ्यायचं. नव्या गावी ते दाखवलं की कनेक्शन मिळतं. ताईंनी घाईत सिलिंडर शेजाऱ्यांना देऊन टाकला होता. चांगुलपणाच, पण व्हाउचर नाही.

आणि ते १८,०००. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा कागद, लागतच नाही, त्याला सूट आहे. राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे तपासणी नाके २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर उठले. म्हणजे तो फोन सरळ फसवणुकीचा. पैसे दिल्याशिवाय सामान मिळणार नाही या भीतीवर हा धंदा चालतो. अशा फोनला एकच उत्तर: दंडाच्या पावतीचा फोटो पाठवा, पैसे मी त्या खात्याकडे थेट भरते. पुढे शक्यतो फोन येत नाही.

दोन सत्रांत पान भरलं. कुठल्याही विघ्नाला कारण सापडलं नाही असं झालं नाही. ताईंना बरं वाटायला हवं होतं. त्या मात्र आणखी गप्प झाल्या.

इथे सरधोपट समुपदेशन थांबतं आणि म्हणतं, बघा, सगळ्याला कारण आहे. पण कारणं सापडूनही ओझं हललं नाही, तर माणूस ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगतोय तो गुन्हा त्या यादीत नसतोच. अनेक वर्षांच्या कामात हे इतक्यांदा दिसलं आहे, की हल्ली तो प्रश्न सरळच विचारते.

‘ताई, हे सगळं कशाची शिक्षा आहे असं तुम्हाला वाटतं?’

बराच वेळ काही नाही. मग कॅमेऱ्याकडे न पाहता: ‘पॅकिंगवाले एक दिवस आधीच आले. हे पुण्यात नव्हते. सासूबाई गावी. आणि माझी अडचण होती, दुसरा दिवस. देव कोण काढणार? मीच काढले. टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सगळे या हातांनी तांब्याच्या डब्यात ठेवले. कुणाला सांगितलं नाहीये अजून.’

तीन आठवडे हे त्यांनी एकटीने वागवलं होतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण तो हसला असता. सासूबाईंना नाही, कारण त्या हसल्या नसत्या.

पाळीत देवाला शिवावं की नाही, यावर मी व्याख्यान दिलं नाही. माझं मत आहे, ताईंना ते कळलंही असेल. पण माझ्या मताने त्यांच्या देव्हाऱ्यातला प्रश्न सुटणार नव्हता. मी त्यांना एक काम दिलं. शेजारी आसामी कुटुंब होतं, तिथल्या मोठ्या बाईंना त्या बायदेउ, म्हणजे मोठी बहीण, म्हणू लागल्या होत्या. त्यांच्याकडे जायचं आणि विचारायचं: देऊळ तीन दिवस बंद का होतं, आणि कुणासाठी?

पुढच्या सत्रात ताई हसत होत्या, रडतही होत्या.

‘अहो, देवीचीच अडचण होती!’

दरवर्षी २२ जूनच्या सुमारास नीलाचल टेकडीवर अंबुबाचीचा मेळा भरतो. त्या दिवसांत देवी रजस्वला असते अशी श्रद्धा आहे, म्हणून गाभारा तीन दिवस बंद राहतो. गाभाऱ्यात मूर्ती नाहीच; खडकातली योनीच्या आकाराची भेग आहे आणि तिच्यातून झरणारं पाणी. या दिवसांत शेतकरी नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत, कारण भूमीलाही विश्रांती. देशभरातून साधू आणि भाविक येतात ते दार उघडं असतं म्हणून नव्हे, ते बंद असतं म्हणून. बाहेर बसून भजन करत वाट पाहतात. चौथ्या दिवशी देवीला स्नान घालून दार उघडतं आणि लाल कापडाचा तुकडा प्रसाद म्हणून मिळतो. बायदेउंनी आपल्या घरातला तुकडा ताईंच्या हातावर ठेवला होता.

ज्या बंद दारापुढे ताईंना हाकलून दिल्यासारखं वाटलं, त्याच दारापुढे इतर हजारो लोक आनंदाने बसले होते. दार तेच, तारीख तीच. फरक दारात नव्हता, दाराला लावलेल्या अर्थात होता. माझ्या कामाचा सगळा पाया एवढ्यावरच उभा आहे आणि तो इतक्या लख्खपणे समोर येण्याचे प्रसंग फार नसतात. त्या दिवशी वही मिटल्यावर बराच वेळ समाधान वाटत राहिलं, हे कबूल करते.

पण इथेच एक फसवी पायरी असते. ताई म्हणाल्या, ‘म्हणजे देवीने मुद्दाम त्याच दिवशी बोलावलं मला. हा तिचा होकारच की!’ ऐकायला गोड. पण बंद दार हा नकार नव्हता, तसाच तो होकारही नव्हता. आज याला शुभ कौल मानलं, तर उद्या नळ फुटल्यावर पुन्हा अशुभ कौल. तराजू तोच, फक्त पारडं बदललं. त्यांना विचारलं, ‘देवी रोज रोज तुम्हाला चिठ्ठ्या पाठवत नसेल, तरी ती तुमच्याजवळ आहे असं मानता येईल का?’ यावर त्या लगेच काही बोलल्या नाहीत. हा प्रश्न तसाच आठवडाभर राहू दिला.

दरम्यान आम्ही संध्याकाळच्या दिव्याकडे वळलो. दिवा लावताना काय म्हणता? ‘आता पुरे कर गं, काही होऊ देऊ नकोस.’ ही विनवणी नव्हे, अट असते. मी एवढं केलंय, आता विघ्न येताच कामा नये. अट मोडली की विश्वास मोडतो, मग तो कितीही जुना असो. ताईंनी ती स्वतःच बदलून आणली: ‘काही होऊ नये असं फार वाटतंय. झालंच तर काय करायचं ते सुचू दे.’ वाक्य साधं आहे, पण त्यात स्वतःचे हात परत आले.

आणि हात परत येण्याची फारच गरज होती. तोवर ताईंनी वाहतूकवाल्याला एक ओळही लिहिली नव्हती. ‘माझंच चुकलं, तक्रार कुणाची करू?’ त्यांच्या अपराधभावाचा सगळ्यात मोठा लाभ त्या माणसाला झाला होता. ‘देवाची मर्जी’ म्हणून गप्प बसणाऱ्यांना हा भाग मी आवर्जून सांगते, कारण इथे दिवस मोजले जातात. मालाच्या नुकसानीबद्दल वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. मालाची किंमत आधी जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर त्याची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. ‘विम्याचे’ म्हणून जाहीर किमतीच्या तीन टक्के ताईंकडून घेतले होते, पण विमा कंपनीचं प्रमाणपत्र कधी दिलंच नव्हतं. कागद नाही म्हणजे विमा नाही. ते पैसे कशाचे घेतले हेही नोटिशीत विचारायचं. फोनवरून उकळलेल्या पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा क्रमांक १९३०, तोही शक्य तितक्या लवकर. एरवी ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोग, जिथे आपण आता राहतो तिथलाच चालतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. फुटक्या वस्तूंचे फोटो खोकं उघडतानाच काढायचे आणि पोच देताना त्याच कागदावर ‘खोकी न उघडता ताब्यात घेतली’ असं लिहायचं. ताईंकडे फोटो होते, मुलाने गंमत म्हणून काढलेले.

कळसाचं काय करायचं, हे त्यांनी मला विचारलं. हे माझं क्षेत्र नाही, गुरुजींना फोन करा म्हटलं. गुरुजींनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला: मूर्ती शाबूत आहेत ना, मग सुताराकडून बसवून घ्या. देव हाताने काढल्याचंही त्याच फोनवर सांगून टाकलं. गुरुजी म्हणाले, ट्रकमध्ये टाकले नाहीत ना, मग झालं.

शेवटच्या सत्रातला अर्धा वेळ नवऱ्याच्या दुचाकीवर गेला. एमएच-१२ क्रमांकाची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ भरून ना-हरकत, कर्ज असेल तर बँकेची संमती, मग आसामचा कर भरायचा आणि महाराष्ट्राकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. ही माहिती ताईंनीच मला समजावून सांगितली. वहीत त्यांनी तिला नवं पान केलं होतं, रकाने मात्र तेच तीन. चौथा पाडायची वेळ आली नव्हती.

मग म्हणाल्या, मंगळवारी कामाख्येला जाऊन आले. चार तास ओळ जागची हलली नाही, वरून पाऊस, आणि चप्पल तुटली.

‘मग?’

‘मग काय, चांभार शोधला.’